कैद्यांचे हक्क आणि न्यायालये : गोपालन खटल्यापासून दिव्यांग बंद्यांच्या निकालापर्यंत

चेन्नई : शिक्षा झाली किंवा खटला प्रलंबित राहिला म्हणून कैदी आपले सर्व मूलभूत हक्क गमावत नाही, ही भूमिका भारतीय न्यायालयांनी गेल्या सहा दशकांत वारंवार मांडली आहे. या भूमिकेच्या जडणघडणीत पूर्वीच्या मद्रास राज्यातील आणि आजच्या तामिळनाडूतील कारागृहांतून उभ्या राहिलेल्या प्रकरणांचा वाटा मोठा आहे. १५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील दिव्यांग कैद्यांसंबंधी दिलेला निकाल हा या मालिकेतील अलीकडचा महत्त्वाचा टप्पा होय. हक्क कोणते, या प्रश्नाचे उत्तर आज बहुतांशी स्पष्ट आहे. कारागृहातील तक्रार भिंतीबाहेर वेळेत पोहोचते का, हा प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक प्रकरणात नव्याने उभा राहिला आहे.

दावा नव्हे, रिट याचिका

कारागृहातील परिस्थितीविरुद्ध दाद मागण्यासाठी भारतात मुख्यतः रिट याचिकेचा मार्ग वापरला जातो. संविधानाच्या अनुच्छेद ३२ नुसार सर्वोच्च न्यायालयात, तर अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालयात अशी याचिका दाखल करता येते. तिचा आधार प्रामुख्याने अनुच्छेद १४ मधील समानतेचा आणि अनुच्छेद २१ मधील जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क हा असतो. कैद्याच्या वतीने त्याचे नातेवाईकही हेबियस कॉर्पस, म्हणजेच बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल करू शकतात. बेकायदा अटकेतून सुटका एवढाच या याचिकेचा हेतू पूर्वी मानला जाई. कायदेशीर कैदेत असलेल्या व्यक्तीला मिळणारी वागणूकही तिच्या कक्षेत येते, हे तत्त्व नंतर प्रस्थापित झाले.

कारागृहे हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय आहे. त्यामुळे निकाल सर्वोच्च न्यायालयाचा असला तरी नियमांत बदल, कर्मचाऱ्यांची भरती, औषधोपचार आणि इमारतींची दुरुस्ती यांची जबाबदारी राज्य सरकारवर येते.

गोपालन खटला

प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी या प्रश्नाने मद्रास राज्यात गंभीर वळण घेतले. ११ फेब्रुवारी १९५० रोजी सेलम मध्यवर्ती कारागृहात झालेल्या गोळीबारात २२ कम्युनिस्ट कैदी ठार झाले. त्याच वर्षी मद्रास राज्यात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

‘ए. के. गोपालन विरुद्ध मद्रास राज्य’ या खटल्याचा निकाल १९ मे १९५० रोजी लागला. विधिमंडळाने रीतसर केलेल्या कायद्याने ठरविलेली कार्यपद्धती पाळली गेली की अनुच्छेद २१ ची अट पूर्ण होते, असा मर्यादित अर्थ बहुमताने स्वीकारला आणि कायदा वैध ठरविला. मात्र या कायद्याचे कलम १४ न्यायालयाने रद्द केले. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयासमोर उघड करण्यास ते कलम मनाई करीत होते. म्हणजे स्थानबद्धाला व्यापक संरक्षण नाकारणाऱ्या या निकालानेही त्याचे म्हणणे न्यायालयापासून दडवून ठेवण्यास मान्यता दिली नाही.

अनुच्छेद २१ चा हा संकुचित अर्थ २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्यात मागे पडला. कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, योग्य आणि वाजवी असावी लागते, असे न्यायालयाने म्हटले. कैद्यांच्या हक्कांविषयीचे पुढचे बहुतेक निकाल याच पायावर उभे आहेत.

आणीबाणी आणि मद्रासचे कारागृह

आणीबाणीच्या काळात मद्रास मध्यवर्ती कारागृहात घडलेल्या घटनांनी न्यायालयाचे दार बंद असले की काय होते, हे दाखवून दिले. ३१ जानेवारी १९७६ रोजी तामिळनाडूतील द्रमुक सरकार बरखास्त झाल्यावर पक्षाच्या अनेक नेत्यांना मिसा कायद्याखाली स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत पुढे मुख्यमंत्री झालेले एम. के. स्टॅलिन आणि मद्रासचे माजी महापौर व खासदार चिट्टीबाबू यांचा समावेश होता. कारागृहात स्थानबद्धांना मारहाण झाली. चिट्टीबाबू यांचे जानेवारी १९७७ मध्ये निधन झाले.

या काळात दाद मागण्याचा मार्गच उरला नव्हता. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, आणीबाणीतील राष्ट्रपतींच्या आदेशामुळे स्थानबद्धांना हेबियस कॉर्पस याचिका करता येणार नाही. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी भिन्नमत नोंदविले. आणीबाणी उठल्यानंतर मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एम. इस्माईल यांच्या आयोगाने मद्रास कारागृहातील वागणुकीची चौकशी केली आणि स्थानबद्धांना मारहाण झाल्याचा निष्कर्ष काढला. जबलपूर प्रकरणातील निर्णय २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणाच्या हक्काविषयीच्या निकालात चुकीचा ठरवून रद्द केला.

पत्र हीच याचिका

आणीबाणीनंतरच्या दोन-तीन वर्षांत कारागृहविषयक न्यायशास्त्राला आजचे रूप आले. त्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे कायद्याचे शिक्षण मद्रासमध्ये झाले होते. १९४८ मध्ये त्यांनी स्वतः काही काळ तुरुंगवास भोगला होता आणि १९५७ मध्ये केरळच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे इतर खात्यांबरोबर कारागृह खातेही होते.

सुनील बत्रा प्रकरणातील पहिला निकाल ३० ऑगस्ट १९७८ रोजी लागला. फाशीची शिक्षा सुनावली गेली असली तरी अपील व दयेच्या अर्जाचे मार्ग संपेपर्यंत कैद्याला एकांतवासात डांबता येणार नाही, असे घटनापीठाने स्पष्ट केले. त्यानंतर तिहार कारागृहातील एका सहबंद्याचा वॉर्डरने छळ केल्याचे बत्रा यांनी न्यायमूर्तींना पत्र लिहून कळविले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि २० डिसेंबर १९७९ रोजी निकाल दिला. कारागृहात तक्रारपेट्या ठेवणे, न्यायाधीशांनी नियमित भेटी देऊन कैद्यांचे म्हणणे ऐकणे, हक्कांची माहिती देणारी पुस्तिका कैद्यांना उपलब्ध करून देणे आणि न्यायिक देखरेखीशिवाय कठोर शिस्तभंगाची शिक्षा न देणे, अशा सूचना त्यात होत्या. वकिलाशिवाय आणि न्यायालयीन शुल्काशिवाय कैदी थेट न्यायालयापर्यंत पोहोचू शकतो, हे या निकालाने रूढ केले.

लेखनाचा हक्क : मुंबई आणि चेंगलपट्टू

कैद्याचे लेखन कारागृहाबाहेर जाऊ द्यावे की नाही, या प्रश्नावरील दोन महत्त्वाच्या निकालांपैकी एक महाराष्ट्रातील, तर दुसरा तामिळनाडूतील आहे.

भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्याची परवानगी राज्य सरकारने नाकारली. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरी यांच्या बाजूने निर्णय दिला आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. स्थानबद्धतेच्या अटींत पुस्तक लिहिण्यास वा बाहेर पाठविण्यास मनाई नसताना सरकार तशी मनाई करू शकत नाही, असे निकालात म्हटले होते. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती के. सुब्बाराव पूर्वी मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

दुसरे प्रकरण चेंगलपट्टू उप-कारागृहात असलेल्या आणि अनेक खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेल्या ‘ऑटो शंकर’चे. त्याचे आत्मचरित्र तमिळ साप्ताहिक ‘नक्कीरन’ प्रसिद्ध करणार होते. त्यात काही अधिकाऱ्यांशी असलेल्या संबंधांचे उल्लेख येणार होते. कारागृह प्रशासनाने प्रकाशन थांबविण्याचा प्रयत्न केला. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बदनामी होईल या भीतीने सरकार किंवा अधिकारी प्रकाशनापूर्वीच बंदी घालू शकत नाहीत. प्रकाशनानंतर कायदेशीर उपाय त्यांना खुले असतात. खासगीपणाच्या हक्काच्या चर्चेतही या निकालाचा आधार पुढे सतत घेतला गेला.

महाराष्ट्रातील प्रकरणे

मोफत कायदेविषयक मदतीचा हक्कही महाराष्ट्रातील एका प्रकरणातून दृढ झाला. ‘एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या १७ ऑगस्ट १९७८ च्या निकालानुसार शिक्षा झालेल्या कैद्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य व वेळेत मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी गरजेनुसार वकील पुरविला पाहिजे. निकालपत्राची प्रत हाती न आल्याने अपिलाची मुदत निघून जाण्याचा धोका होता, ही त्यामागची व्यावहारिक अडचण होती.

पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई मध्यवर्ती कारागृहातील १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांच्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात १५ फेब्रुवारी १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महिलांसाठी स्वतंत्र कोठडी, महिला पोलिसांच्या उपस्थितीत चौकशी आणि अटकेची माहिती तत्काळ कायदेविषयक मदत समितीला देणे, असे निर्देश दिले.

तामिळनाडू आणि महाराष्ट्र यांना जोडणारे अलीकडचे प्रकरण फादर स्टॅन स्वामी यांचे आहे. तिरुचिरापल्ली परिसरात जन्मलेले आणि झारखंडमध्ये काम केलेले स्वामी एल्गार परिषद प्रकरणात नवी मुंबईतील तळोजा कारागृहात होते. कंपवातामुळे पेला धरता येत नसल्याने नळी आणि झाकणाचा पेला मिळावा, यासाठी त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी खटला उभा राहण्यापूर्वीच मुंबईतील रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

जातनिहाय विभागणी अवैध

तिरुनेलवेलीजवळील पाळयमकोट्टै मध्यवर्ती कारागृहात कैद्यांना जातीनुसार वेगवेगळ्या विभागांत ठेवले जात असल्याच्या तक्रारी होत्या. जातीय संघर्ष टाळण्यासाठी असे करावे लागते, ही प्रशासनाची बाजू मद्रास उच्च न्यायालयाने पूर्वी एका प्रकरणात मान्य केली होती.

पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल देताना तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या पीठाने हा दृष्टिकोन नाकारला. शिस्त राखण्यासाठी जातीचा आधार घेता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने जातीनुसार कामवाटप आणि राहण्याची विभागणी करणाऱ्या विविध राज्यांच्या नियमावलींतील तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचे आणि तीन महिन्यांत नियमावली सुधारण्याचे आदेश दिले. केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये आदर्श कारागृह नियमावलीत त्यानुसार बदल केले.

वेल्लोर प्रकरण

२०२४ मध्ये वेल्लोर मध्यवर्ती कारागृहातील एका जन्मठेपेच्या कैद्याच्या आईने मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका दाखल केली. आपल्या मुलाला वरिष्ठ कारागृह अधिकाऱ्याच्या निवासस्थानी घरकामास लावले गेले, चोरीच्या संशयावरून मारहाण झाली आणि त्याला एकांतात कोंडून ठेवण्यात आले, असे तिचे आरोप होते. उच्च न्यायालयाने या आरोपांची दखल घेऊन सीबी-सीआयडीमार्फत तपास करण्याचे आदेश दिले. कैद्याला सेलमच्या कारागृहात हलविण्यात आले आणि कारागृह अधिकाऱ्यांसह अनेक जणांविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. आरोपांची शहानिशा तपास आणि खटल्यातूनच होईल. ही तक्रार मात्र कारागृहातील कोणत्याही अंतर्गत यंत्रणेतून नव्हे, तर आईच्या याचिकेमुळे न्यायालयासमोर आली.

दिव्यांग कैद्यांसाठी निर्देश

जुलै २०२५ च्या निकालाची सुरुवात कोइम्बतूर मध्यवर्ती कारागृहात काही दिवस राहिलेल्या, स्नायूंच्या गंभीर विकाराने ग्रस्त अशा एका वकिलाच्या तक्रारीतून झाली. राज्य मानवाधिकार आयोगाने त्यांना एक लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. मद्रास उच्च न्यायालयाने ती पाच लाखांवर नेली. अधिक भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. पसंतीचा किंवा महागडा आहार न मिळणे म्हणजे मूलभूत हक्काचा भंग नव्हे, असेही न्यायालयाने नमूद केले.

तथापि दिव्यांग कैद्यांसाठी कारागृहांत पुरेशा सोयी नाहीत, हे न्या. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने मान्य केले. प्रवेशाच्या वेळीच दिव्यांगत्वाची नोंद घेणे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि वापरता येण्याजोगी शौचालये उभारणे, आवश्यक उपचार व आहार देणे, सर्व कारागृहांची सुगम्यता तपासणी करणे आणि कारागृह नियमावलीत सुधारणा करणे, असे निर्देश तामिळनाडूला देण्यात आले. एका व्यक्तीच्या भरपाईचा प्रश्न अशा रीतीने राज्यभरातील कारागृहांच्या रचनेपर्यंत पोहोचला.

प्रश्न केवळ गर्दीचा नाही

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते, तर क्षमता ४ लाख ३६ हजार २६६ होती. भरणा १३१.४ टक्के होता आणि जवळपास ७६ टक्के कैदी कच्चे, म्हणजे खटला प्रलंबित असलेले होते. महाराष्ट्रातील कारागृहे क्षमतेच्या दीडपटीच्या आसपास भरलेली होती.

तामिळनाडूत मात्र एकूण कैद्यांची संख्या क्षमतेपेक्षा कमी होती. चेन्नई सेंट्रल रेल्वे स्थानकाजवळील एकोणिसाव्या शतकातील जुने मध्यवर्ती कारागृह २००६ मध्ये बंद करून कैद्यांना शहराच्या उत्तरेकडील पुळल येथील नव्या संकुलात हलविण्यात आले. त्याच जुन्या कारागृहात नोव्हेंबर १९९९ मध्ये एका कैद्याच्या मृत्यूनंतर दंगल उसळली होती. तीत उपजेलर आणि अनेक कैद्यांचा मृत्यू झाला होता. जागा वाढली तरी वेल्लोर, पाळयमकोट्टै आणि कोइम्बतूर येथून तक्रारी येतच राहिल्या. या तिन्ही प्रकरणांच्या मुळाशी गर्दी नसून अधिकाराचा वापर, जातीची उतरंड आणि आजारी कैद्याकडे झालेले दुर्लक्ष हे विषय आहेत.

परदेशातील वाट

अमेरिकेत १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली कैदी राज्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध थेट दिवाणी दावा करू शकतात. १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कैद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून केलेले दुर्लक्ष घटनाबाह्य ठरविले. १९९६ मध्ये मात्र अमेरिकी काँग्रेसने कायदा करून असे दावे कठीण केले. कैद्याने आधी कारागृहातील तक्रारीचे सर्व टप्पे पूर्ण करणे बंधनकारक झाले. तरीही २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेले ‘नेल्सन मंडेला नियम’ १५ दिवसांहून अधिक काळ सलग एकांतवास देण्यास मनाई करतात.

भरपाई आणि तक्रारीचे मार्ग

मूलभूत हक्काच्या भंगासाठी रिट याचिकेतच भरपाई देता येते, हे तत्त्व १९८३ च्या रुदुल साह प्रकरणापासून मान्य आहे. निर्दोष सुटल्यानंतरही १४ वर्षे बिहारमधील कारागृहात राहिलेल्या व्यक्तीला तेव्हा एकूण ३५ हजार रुपये मिळाले होते.

आज कैदी किंवा त्याचे कुटुंबीय उच्च न्यायालयाला पत्र लिहू शकतात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागू शकतात किंवा राज्य व राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करू शकतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला मोफत कायदेविषयक मदतीसाठी उत्पन्नाची अट लागू होत नाही. कोठडीतील मृत्यूची माहिती २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळविणे, तसेच न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी होणे अपेक्षित आहे.

देशातील १,३८२ कारागृहांतील अमानवी परिस्थितीविषयी माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या पत्रावरूनही सर्वोच्च न्यायालयाने सुनावणी केली. त्यातून २०१८ मध्ये न्या. अमिताव रॉय समिती नेमली गेली. केंद्राने २०२३ मध्ये १८९४ च्या कारागृह कायद्याची जागा घेऊ शकेल असा आदर्श कायदा राज्यांकडे पाठविला आहे. तो स्वीकारणे राज्यांवर अवलंबून आहे. तोवर कैद्याने लिहिलेले पत्र, वकिलाची भेट आणि नातेवाइकांची याचिका हेच कारागृहातील तक्रार न्यायालयापर्यंत नेणारे प्रमुख मार्ग राहतील.